खोकल्याची वही

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात चुलबंद नदीच्या काठाला एक गाव होतं. गाव धानाचं. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणी करायची, दिवाळीच्या मागेपुढे धान कापायचा आणि मग चुरणा संपेपर्यंत कोंडा खायचा. कोंडा पोटात जायचा नाही, छातीत जायचा. पण धानाच्या गावात कोंड्याबद्दल तक्रार कोण करणार?

त्या गावात एक आजी राहायची. उमेदीची सगळी वर्षं तिनं राइस मिलमध्ये कोंडा झाडला होता आणि उरलेला वेळ चुलीपुढे काढला होता. विडीला तिनं जन्मात हात लावला नव्हता, तरी पंधरा वर्षांपासून तिला धाप होती. बोअरिंगवरून पाणी आणताना ती तीनदा थांबायची: एकदा कडुलिंबाखाली, एकदा शाळेच्या भिंतीला टेकून, एकदा देवळाच्या ओट्यावर. बोलताना वाक्याच्या मधेच तिचा श्वास संपायचा. गाव तिला ‘धापवाली आजी’ म्हणायचं. नाव ठेवून झालं की माणसाकडे नीट पाहायची गरज उरत नाही, तसंच झालं होतं. आजी किती पावलांवर थांबते, हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं.

आजीच्या घराला लागून किराणा दुकान होतं. मधली भिंत एकच. दुकानदाराचा बाप, गावाचा आबाजी, त्याचीही छाती विडीनं गेलेली. रोज पहाटे चारला आबाजीचा खोकला सुरू व्हायचा. त्या आवाजानं आजीला जाग यायची. मग तिचाही खोकला सुरू व्हायचा. भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोघं खोकत बसायचे. दिवसा मात्र समोरासमोर आले तरी क्वचितच बोलायचे.

मार्च २०२० आला. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद झाला. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर पायी, ट्रकनं, मिळेल तसे परत आले. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. कोतवालानं दवंडी दिली: कुणाला ताप, खोकला असंल तर पंचायतीत कळवा.

पंधरा वर्षं ज्या खोकल्याकडे कुणी मान वळवली नव्हती, त्या खोकल्यानं आता सगळ्या माना वळायला लागल्या. दुकानदारानं दुकानापुढे चुन्यानं गोल आखले होते. आजी शेवटच्या गोलात उभी राहिली, खोकली, आणि पुढचे सगळे गोल रिकामे झाले.

“आजी, तू नको येत जाऊ,” दुकानदार आतूनच म्हणाला. “सामान सांगून दे, पोरगा आणून देईन घरी.”

आजीनं सामान सांगितलं. पोरगा काही आला नाही. दोन दिवस तिनं पेज आणि लाखोळीच्या डाळीवर काढले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या आशाताईनं, गावच्या आशा कार्यकर्तीनं, डब्यात पीठ-मीठ आणून ओट्यावर ठेवलं, पण तीही घाईत होती. गावभर परतलेल्या मजुरांच्या याद्या करायच्या होत्या.

आजी शहाणी होती. तिनं पदराचा बोळा तोंडात धरून खोकायला शिकून घेतलं. गावात अशी शिकणारी ती एकटीच नव्हती. कुणी गोधडीत तोंड खुपसून खोकायचं, कुणी सांदवाडीत जाऊन. दुकानदारानं तर आबाजीची खाट मागच्या खोलीत हलवली आणि दार ओढून घेतलं.

“बावाजी, कोणाले आयकू नका देऊ,” तो म्हणाला. “दुकान बंद करतीन.”

महिनाभरात गाव शांत झालं. सरपंचांनी तालुक्याला अभिमानानं कळवलं, आमच्या गावात एकालाही खोकला नाही.

याच काळात आजीचा तोंडानं ओढायचा पंप संपत आला. ती तो लाखांदूरहून आणायची, पण एसटी बंद होती. ती दोन वेळचा पंप एकदाच घ्यायला लागली. या महिन्यांत तिला तारलं ते गॅसनं. उज्ज्वलाचं सिलिंडर घरात होतं, पण भरायला पैसे नसल्यानं त्यावर वर्षभर कपडे वाळायचे. एप्रिल ते जून २०२० मध्ये सरकारनं तीन सिलिंडर फुकट दिले. जन्मात पहिल्यांदाच आजी सलग तीन महिने धुराशिवाय जेवण रांधत होती. पंप अर्धा झाला तरी छाती तग धरून राहिली, ती त्यामुळे. पुढे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी तिला सांगितलं, जगात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा चुलीचा धूर खाणारे जास्त आहेत, आणि त्यांची छातीही तशीच बिघडते. आजीला त्याचं नवल वाटलं नाही. तिला नवल एवढंच वाटलं की हे कुणी मोजलंही होतं.

मग ऑगस्टच्या शेवटी पाणी आलं.

मध्य प्रदेशात पाऊस कोसळला होता. गोसेखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारं उघडली. वैनगंगा फुगली आणि चुलबंदला पुढे वाट मिळेना, तिचं पाणी उलटं गावाकडे सरकायला लागलं. रोवणी झालेल्या बांध्या बुडाल्या, रात्रीत खालच्या आळीत कमरेएवढं पाणी झालं. सगळे उंचावरच्या शाळेकडे धावले.

आजीला एका पोरानं पाठीवर घेतलं. हा पोरगा झाडीपट्टीच्या नाटकांना साऊंड लावायचा. वडसा जवळच, दिवाळीनंतर तिथल्या मंडळ्या गावोगाव नाटकं घेऊन निघाल्या की याचे भोंगे चार महिने रस्त्यावर असायचे. आजी त्याच्या पाठीवर भिजून शाळेच्या दारात पोहोचली, तेव्हा तिचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा ऐकू येत होता. आणि ती खोकली.

दारातल्या बायका हलल्या नाहीत.

“तिले आत नका आणू बा,” एकजण म्हणाली. “लेकरं हायेत आमची.”

“मंग कुठं नेऊ? नदीत?” पोरगा ओरडला.

आशाताई गर्दीतून पुढे आली. तिनं आजीला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आजीचा हा रोजचाच खोकला हाये. कोरोनाचा असता तर मले समजला असता.”

मागून कुणीतरी विचारलं, “कसा समजला असता?”

आशाताईला उत्तर आलं नाही. प्रश्न खोडसाळ होता, पण खोटा नव्हता. आठ वर्षं ती या गावात आशा होती. कोणत्या बाईला कितवा महिना, कोणत्या लेकराचा कोणता डोस राहिला, हे तिला तोंडपाठ होतं. पण आजी रोज किती खोकते, कधी खोकते, आज जास्त खोकते आहे की तेवढीच, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या रजिस्टरला तसा रकानाच नव्हता.

मुख्याध्यापकांनी कार्यालयाची खोली उघडून दिली. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून आजीला तिथं एकटीला झोपवलं. ज्या बायकांनी दार अडवलं होतं त्यांना बरं वाटलं, की आजीपासून आपण वाचलो. आशाताईनं त्यांना सांगितलं ते वेगळंच होतं. “तुमाले काही झालं तर चार दिवस ताप येईन. हिले तुमच्यापासून झालं तर ही वाचणार नाही. ही खोली तिच्यासाठी हाये, तुमच्यासाठी नाही.”

त्या रात्री कुणी काही बोललं नाही. पण पाणी उतरायच्या आत, दार अडवणाऱ्यांपैकीच एकीनं आजीसाठी कोरडं लुगडं खिडकीच्या गजातून आत सरकवलं.

पंधरा दिवसांनी, १५ सप्टेंबरला, राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताईच्या हातात ताप मोजायचं यंत्र आलं आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. घरोघर जायचं, ताप पाहायचा, ऑक्सिजन पाहायचा, जुने आजार लिहायचे. आजीच्या बोटाला चिमटा लावला, आकडा आला ९१.

सोबतचा स्वयंसेवक दोन पावलं मागे सरला. “पंच्याण्णवच्या खाली हाये! गाडी बोलवा!”

आजी ओट्यावर पाय सोडून बसली होती, तांदूळ निवडत. तिला ताप नव्हता. भूक लागली होती.

आशाताईला शाळेच्या दारातला प्रश्न आठवला. तिनं गाडी बोलावली नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. मॅडमनी आजीला चार प्रश्न विचारायला लावले आणि मग म्हणाल्या, “जुन्या दम्याच्या, खराब झालेल्या फुप्फुसाच्या माणसाचा आकडा मुळातच कमी असू शकतो. एक्क्याण्णव तुझ्यासाठी धोका आहे, तिचा कदाचित रोजचा असेल. बोटं कोमट पाण्यात धर, पाच मिनिटं शांत बसू दे, आणि तीन दिवस सकाळी मोज. जो आकडा येईल तो तिचा नेहमीचा. आजार त्याच्यापासून मोजायचा.”

तीन दिवस मोजलं. ९१, ९२, ९१.

आशाताईनं दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर आजीचं नाव लिहिलं आणि मॅडमच्या सांगण्यावरून खाली रकाने आखले. नेहमीचा आकडा. खोकला कोणत्या वेळी. बेडका पांढरा की पिवळा. किती पावलांवर थांबतो. झोपताना उशा किती. पंपात औषध किती दिवसांचं. आजीनं उशांच्या रकान्यात ‘दोन, आणि एक घडी केलेली गोधडी’ असं लिहायला लावलं. “तिसरी लागली तर समजायचं, बाई, का माह्यं काही खरं नाही.”

वहीत दुसरं नाव कुणाचं टाकायचं, हे आशाताईला ठाऊक नव्हतं. आजीला ठाऊक होतं. ज्याला स्वतःला थांबावं लागतं, त्याला बाकीचे थांबणारे दिसतात. कडुलिंबाखाली कोण टेकतं, बाजाराच्या दिवशी कोण पिशवी खाली ठेवतं, कुणाच्या सांदवाडीतून दाबलेला खोकला येतो, तिनं एकेक सांगितलं. मिलमधला हमाल, चुलीवर मोहफुलं उकडणारी दोन घरं, वडशाच्या आरा मशीनवर आयुष्य काढलेला एक बुढा. आशाताई घरी गेली की आधी सगळे नाहीच म्हणायचे. नाव लिहिलं की उचलून नेतात, अशी भीती होती. पण वहीत नाव असलेल्या माणसाला कुणी नेत नाही, उलट त्याचं औषध लाखांदूरहून घरपोच येतं, हे दिसल्यावर लोक आपणहून यायला लागले. दिवाळीपर्यंत वहीत अकरा नावं झाली. ज्या गावात एकालाही खोकला नव्हता, त्या गावात.

दुकानदारानं मात्र आबाजीचं नाव दिलं नाही. “आमच्या बुढ्याले काही नाही,” तो म्हणाला. मागच्या खोलीचं दार ओढलेलंच होतं.

अकरा जणांसाठी गावानं नियम केले. त्यांनी लग्नाला, तेरवीला, बाजाराला जायचं नाही. त्यांचं सामान तरुणांनी आळीपाळीनं आणायचं, ओट्यावर ठेवायचं, दहा पावलं मागे उभं राहून पाच मिनिटं बोलायचं आणि मग जायचं. पाच मिनिटं बोलणं हा नियम आजीनं घातला होता. “बोलताना माणूस कितव्या शब्दाले थांबते ते आयका,” ती म्हणायची. “काल चवथ्या शब्दाले थांबत होता आन आज दुसऱ्याले थांबला, तर बाईले फोन करा.” मार्चमध्येही आजीपासून लोक दहा पावलंच दूर होते. पण मार्चमध्ये त्या दहा पावलांवरून काहीच येत नव्हतं, आता डाळ-तांदूळ येत होते, औषध येत होतं आणि विचारपूस येत होती.

दवाखान्यांत वाफेची यंत्रं बंद होती, कारण वाफेबरोबर विषाणू हवेत पसरायची भीती. पंप नुसता तोंडात मारला की वृद्धांचं बरंचसं औषध तोंडातच राहायचं. डॉक्टर मॅडमनी उपाय दाखवला. पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं, कडा गरम करून गुळगुळीत करायच्या. साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवायची. पंप बुडातून दाबायचा आणि बाटलीच्या तोंडाला ओठ लावून सावकाश चार-पाच श्वास ओढायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दम्याच्या मुलांवर तपासून दाखवलं होतं, की अशी बाटली दुकानातल्या महाग नळकांड्याइतकंच काम करते. गावात बाटल्यांना तोटा नव्हता. साऊंडवाल्या पोराकडे सोल्डरिंगची तापती सळई होती. त्यानं एका संध्याकाळी अकरा बाटल्यांना भोकं पाडून दिली.

त्याचे भोंगेही घरात पडून होते. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याला नाटकांचं बोलावणंच आलं नाही. पोरानं विचारलं, “आजी, तू श्वासाचं जे करतो ते भोंग्यावरून सांगशीन का?”

मग रोज सकाळी सातला आजीच्या ओट्यावरून भोंगा बोलायला लागला. “नाकानं घ्या. एक, दोन. आता ओठाचा चंबू करा आन हळूच सोडा. एक, दोन, तीन, चार. समोर दिवा हाये समजा. इझवाचा नाही. जोत फकस्त हालली पायजे.” मधेच तिचा स्वतःचा श्वास संपायचा, भोंग्यावर क्षणभर नुसती शिट्टी ऐकू यायची, आणि ती पुन्हा सुरू करायची. पहिल्या दिवशी पोरं हसली. आठवड्यानं दात घासताना तीच पोरं ओठांचा चंबू करायला लागली.

मग आला एप्रिल २०२१.

पहिल्या वर्षी जे ऐकलं होतं ते या वर्षी घराघरात शिरलं. १२ एप्रिलला भंडारा जिल्ह्यात एका दिवसात १,५९६ रुग्ण निघाले. भंडाऱ्यात खाट मिळेना, ब्रम्हपुरीत मिळेना, नागपूरचं नावच नको. गावची शाळा पुन्हा उघडली, या वेळी विलगीकरणासाठी. तरणीताठी माणसं धापा टाकायला लागली. पण भोंग्यावरचं ऐकून ऐकून त्यांना एक माहीत झालं होतं, की श्वास कमी पडला की घाबरून भराभर घ्यायचा नसतो. पुढे वाकून बसायचं, हात मांड्यांवर टेकायचे आणि सावकाश सोडायचा. पालथं झोपायचं. आणि आकडा खाली यायला लागला की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

वहीनं त्या महिन्यात आपलं काम केलं. आरा मशीनवाल्या बुढ्याचा नेहमीचा आकडा ९३ होता. एका सकाळी ८९ आला आणि तो दुसऱ्या शब्दाला थांबला. त्याच दुपारी तो लाखांदूरच्या ग्रामीण रुग्णालयात होता. हमालाचा बेडका पांढऱ्याचा पिवळा झाला, त्यालाही वेळेत नेलं. सगळे वाचले असं मात्र नाही. वहीतली दोन माणसं त्या उन्हाळ्यात गेली. त्यांच्या पानांवरचे रकाने शेवटच्या दिवसापर्यंत भरलेले आहेत.

एप्रिल सरत आला होता. एका पहाटे आजीला जाग आली आणि तिला कळेना, आपल्याला कशानं जाग आली. अंधार होता. तिनं वाट पाहिली. कोंबडा आरवला तेव्हा तिच्या लक्षात आलं: चार वाजून गेले, आणि भिंतीपलीकडून खोकला आला नाही.

तिनं वरवंट्यानं भिंत ठोकली. उत्तर नाही. ती काठी टेकत दुकानदाराच्या दारात गेली.

“भाऊ, आबाजीले काय झालं?”

दुकानदार डोळे चोळत आला. रात्री जागल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं, तरी चेहरा हलका होता. “काही नाही आजी. बरं वाटते त्याले. कालपासून खोकला बंद झाला. निवांत झोपला हाये.”

“झोपला नाही तो,” आजी म्हणाली. “खोकाची ताकद सरली त्याची.”

आशाताई धावत आली. मागच्या खोलीचं दार वर्षानंतर सताड उघडलं. आबाजीला हाक मारली तर तो डोळे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. अंग गरम होतं. आकडा ८४. आशाताईनं डॉक्टर मॅडमना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

“नेहमीचा किती?” मॅडमनी विचारलं.

आशाताईनं दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदारानं जमिनीकडे पाहिलं.

“खोकला कधी असतो? बेडका किती? झोप एवढी कधीपासून?”

वर्षभर बापाला खाणं-पाणी, औषध सगळं दुकानदारानंच दिलं होतं. बापाकडे त्याचं दुर्लक्ष नव्हतं. पण खोकला लपवायचा म्हटलं की तो ऐकायचाही नसतो, आणि म्हणून त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही.

उत्तर दारातून आलं. “बुढा चारले उठते,” आजी चौकटीला धरून, थांबत थांबत सांगायला लागली. “अर्धा घंटा खोकते. मंग बेडका पडते. मंग तंबाखूची डबी वाजते. मंग भजन पुटपुटते. परवा डबी नाही वाजली. काल खोकला आला, पण बेडका नाही पडला. आज खोकलाच नाही. दोन दिवस झाले मॅडम, बुढा उतरणीले लागला.”

फोनवर क्षणभर शांतता होती. मग मॅडम म्हणाल्या, “एकशे आठला फोन करा. गाडीत ऑक्सिजन लावतील, पण त्यांना आधीच सांगा, छातीचा जुना रुग्ण आहे, आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवच्या मधे ठेवायचा. शंभरला न्यायचा प्रयत्न करू नका. अशा माणसाला जास्त ऑक्सिजन दिला की आतला वायू साचतो आणि झोप आणखी गाढ होते.”

आबाजी सतरा दिवसांनी घरी आला. खंगलेला, पण डोळे उघडे. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्याचा खोकला सुरू झाला आणि भिंतीअलीकडे आजी म्हणाली, “आला बा!”

दुकानदारानं आजीची माफी वगैरे मागितली नाही. गावात तसं कुणी बोलून मागत नाही. तो आशाताईकडे गेला, वही मागून घेतली आणि आबाजीचं पान स्वतःच्या हातानं आखलं. नेहमीचा आकडा त्याला आता ठाऊक होता. ‘खोकला कोणत्या वेळी’ या रकान्याशी मात्र तो अडला, आणि दारातूनच आजीला हाक मारून विचारलं, “आजी, चारले का सव्वाचारले वं?” त्या दिवसापासून मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं, आणि आजीचं सामान पोरानं नाही, त्यानं स्वतः आणून दिलं.

६ ऑगस्ट २०२१ ला भंडारा जिल्ह्यात कोरोनाचा एकही सक्रिय रुग्ण उरला नाही. राज्यात असा पहिला जिल्हा म्हणून वर्तमानपत्रांत बातमी आली. गावात सत्काराचा घाट घातला गेला. आशाताईला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, आणि सरपंच म्हणाले, “वही आता पंचायतीच्या कपाटात ठेवू. गावाचा इतिहास हाये तो.”

आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, “कोरोना गेला, सरपंच. धाप कुठं गेली?”

सरपंचांना काही सुचलं नाही.

“दोन महिन्यानं धान कापाले येईन. मंग चुरना. मंग कोंडा. सिलिंडर सरला तर मी पुन्हा चुलीपुढं. या पोरीनं वही कपाटात ठेवली, तर पुढच्या साली कोण कितव्या शब्दाले थांबला ते तुमी सांगान का?”

सत्कार झाला, पण वही कपाटात गेली नाही. त्या हिवाळ्यात मिलमधल्या मजुरांनी नाकाला ओलं फडकं बांधलं, आणि बांधलं नाही त्याला हमालानं हाकललं. सिलिंडर भरायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा तीन घरांची नावं दुकानदारानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. त्यांची उधारी तो सिलिंडरच्या महिन्यात मागत नाही. बारा पानांची वही पुढच्या दिवाळीपर्यंत एकोणीस पानांची झाली. गावात आजार वाढला म्हणून नव्हे. लपलेला खोकला बाहेर आला म्हणून.

तात्पर्य: माणूस पडल्यावर धावून जाणं ही मदत झाली. तो पडायच्या आधी कळावं, इतकी त्याच्या रोजच्या दिवसाशी ओळख ठेवणं, ही काळजी. ज्या गावाला आपल्या माणसाचा नेहमीचा खोकला ओळखू येतो, त्याला साथीच्या दिवसांत खोकल्याला भ्यावं लागत नाही, आणि खोकला थांबला म्हणून गाफीलही राहता येत नाही.